शिरोरेषेच्या वर आणि खाली : मराठी संकेतस्थळाची शैली

संकेतस्थळाच्या मांडणीविषयी बोलताना मोकळेपणाचा फार गवगवा होतो. मजकूर कमी, पांढरी जागा भरपूर, वर एक मोठे चित्र, म्हणजे उत्तम शैली, असे समीकरण रूढ झाले आहे. मला ते पटत नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेले ‘कालनिर्णय’ भिंतीवर पाहा. तारीख, तिथी, नक्षत्र, सणवार, सगळे एकेका लहान चौकोनात कोंबलेले. तरी घरातल्या आजीला एकादशी क्षणात सापडते. कारण तारखेचा आकडा ठळक, सुट्टीचा रंग लाल आणि प्रत्येक गोष्टीची जागा वर्षानुवर्षे तीच. दाटी हा दोष नाही. कुठे काय आहे याचा पत्ता न लागणे हा दोष आहे. शैली म्हणजे ही ठेवण, असे मी मानतो. रंगसंगती वगैरे त्यानंतर.

मराठी पानांची पहिली अडचण मात्र ठेवणीच्याही आधीची, लिपीची आहे. पानाचे रूप ठरवणारे नियम ज्या पद्धतीने लिहितात ती सीएसएस होकॉन ली यांनी १९९४ मध्ये सुचवली. तेव्हापासून मापे घडली ती प्रामुख्याने रोमन अक्षरांवर. देवनागरीची उभी रचना वेगळी. ‘कर्तृत्व’ या शब्दात एकाच त-च्या डोक्यावर रफार आहे आणि पायाशी ऋकार. इंग्रजीला पुरणारे ओळींतले अंतर इथे कमी पडते; वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर मी किमान समजतो, पावणेदोनपट असेल तर वाचणे सुखाचे होते. बटणाची उंची इंग्रजी शब्दावर बेतली असेल तर रफार वरून कापला जातो. दुव्याखालची रेघ ‘कुटुंब’ या शब्दातले उकार छेदते, नाहीतर त्यांना चुकवताना तिचेच तुकडे होतात. ती थोडी खाली सरकवली की प्रश्न मिटतो. अक्षरे विरळ करण्याची इंग्रजी मथळ्यांतली हौस तर आपल्याकडे शिरोरेषाच तोडते. दारावरच्या तोरणाची पाने सुटी करून टांगावीत तसे ते दिसते. मोठ्या लिपीतली अक्षरेही आपल्याकडे नाहीत. म्हणून महत्त्व दाखवायचे ते जाडी, आकार आणि जागा यांनीच.

फॉन्टची कथा आता बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेली आहे. जुन्या संगणकी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की पान म्हणजे निव्वळ कचरा, आणि शोध घेणेही अशक्य. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र जागा मिळाली. विंडोज २००० बरोबर र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ आला. आज मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ कुणालाही विनामूल्य वापरता येतो. म्हणजे चांगल्या फॉन्टअभावी अडले आहे, ही सबब उरलेली नाही.

तरीही मराठी पानावर हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला. पानाच्या मूळ कोडमध्ये भाषेची खूण असते. तिथे ‘मराठी’ लिहिले तर तशी सोय असलेला फॉन्ट आपली रूपे आपोआप देतो. पानांचा मूळ कोड उघडून पाहण्याची मला खोड आहे. कितीतरी मराठी पानांवर त्या जागी ‘इंग्रजी’ सापडते. याचा त्रास केवळ डोळ्यांना होतो असे नाही. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर याच खुणेवरून उच्चार ठरवते.

चुकीच्या टंकलेखनाचे तसेच. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढे अंतर आहे.

शब्दांविषयी थोडे कठोर बोलतो. यंत्राकडून भाषांतर करून घेतलेल्या एका पानावर ‘सेव्ह’साठी ‘वाचवा’ असे बटण मी पाहिले आहे. कोणाला वाचवायचे? ‘माहिती जतन करा’ यात काही अक्षरे जास्त लागतील, लागू देत. बटणाने शब्दाप्रमाणे रुंद व्हावे. आणि ‘सबमिट’ लोकांच्या तोंडी बसला आहे, तर त्याच्या जागी ‘प्रस्तुत करा’ कशाला? ‘अर्ज पाठवा’ सगळ्यांना कळते.

सूचनांचे चित्र करून पानावर डकवणे ही आणखी एक वाईट सवय. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, फोनवर मोठा करावा तर फुटतो, आणि नेटवर्क मंद असले की सूचनेच्या जागी नुसता रिकामा चौकोन दिसतो. मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला तर तो चित्राआधी येऊन पोहोचतो. रंगाचेही माप ठरलेले आहे : साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान ४.५ : १ इतका फरक हवा, असे जागतिक निकष सांगतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे घरात शोभतात, पण दुपारी बांधावर उभे राहून फोन पाहणाऱ्याला ती दिसतच नाहीत.

आमच्या अमडापूरसारख्या गावात या साऱ्याचा हिशेब रोख असतो. अर्जाला मुदत असते. पान कळले नाही की सेवा केंद्रावर जायचे, पैसे मोजायचे, दिवस मोडायचा. यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट आकड्यांची आहे. पान मराठी, सूचना मराठी, पण रकाना फक्त रोमन अंक घेतो. देवनागरी अंकांना युनिकोडमध्ये शून्यापासून नऊपर्यंत सलग दहा जागा आहेत. त्यांचे रोमन अंकांत रूपांतर करायला एक-दोन ओळींचा कोड पुरतो. तो लिहिलेला नसेल, तर गट क्रमांक ‘१४२/२’ असा भरणाऱ्याला लाल अक्षरांत ‘अवैध’ असे उत्तर मिळते. मग तो फोन खिशात टाकून केंद्राच्या रांगेत उभा राहतो, आणि तिथे तोच आकडा दुसरे कोणीतरी रोमनमध्ये भरून देते.