खांद्यावरचा हिशेब

कोथरूड आणि पाषाण यांच्यामध्ये वेताळ टेकडी आडवी पसरली आहे. तिच्या पलीकडच्या अंगाला, उंच कुंपणाच्या आड, संरक्षण संशोधन खात्याची जी संस्था पुण्यात सर्वत्र ‘एआरडीई’ एवढ्याच आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिची स्थापना 1958 सालची. तोफा, तोफगोळे, सुरुंग असा तिचा कारभार विस्तीर्ण आहे. परंतु तिच्या आरंभीच्या कामगिरीत जिची गणना होते, आणि जिने दोन-तीन पिढ्यांच्या शिपायांचे उजवे खांदे ताब्यात घेतले, ती वस्तू म्हणजे 7.62 मिलिमीटरची स्वयंभरण रायफल, शिपायांच्या भाषेत नुसती ‘एसएलआर’.

तिचे मूळ घराणे बेल्जियममधले. एर्स्टाल येथील एफ.एन. कारखान्यात द्योदोने सेव्ह या अभिकल्पकाने युद्धोत्तर काळात जी ‘एफएएल’ रायफल सिद्ध केली, ती पुढे नव्वदांहून अधिक देशांच्या सैन्यांत गेली. इतकी, की 1982 च्या फॉकलंडच्या लढाईत इंग्रज आणि अर्जेंटिनी शिपाई एकाच घराण्याच्या रायफली एकमेकांवर रोखून उभे होते. आपल्याकडे 1962 साली चिन्यांशी सामना झाला तेव्हा जवानांच्या हाती दर गोळीस हाताने बोल्ट ओढावा लागणारी थ्री-नॉट-थ्री होती, आणि त्या पराभवानंतर शस्त्रांच्या बाबतीत जी निकड सरकारदरबारी उत्पन्न झाली, तिच्यापोटी बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातून एसएलआर मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागली.

आता मौज अशी, की ही रायफल खांद्याला ‘मारते’ किती, या प्रश्नावर दोन पिढ्यांची साक्ष परस्परविरुद्ध पडते. थ्री-नॉट-थ्रीवर हात बसलेला वृद्ध सुभेदार एसएलआरला मवाळ म्हणतो; पुढच्या काळातल्या 5.56 मिलिमीटरच्या ‘इन्सास’ रायफलीवर शिकून तयार झालेला त्याचा नातू तीच रायफल प्रथम झाडतो तेव्हा खांदा चोळीत उठतो. दोघांनाही खोटे पाडता येत नाही.

हिशेब तसा सरळ आहे. गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू जेवढा संवेग घेऊन पुढे जातो, तेवढाच संवेग रायफलीला उलट दिशेस मिळतो. त्यात सूट नाही, वशिला नाही. साडेनऊ ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला सुमारे 840 मीटर वेगाने सुटली, आणि जवळपास 3 ग्रॅम दारूचा वायू त्याहून अधिक वेगाने तिच्यामागे गेला, म्हणजे सव्वाचार किलोंहून थोडी जड असलेली रिकामी एसएलआर सेकंदाला अडीच मीटरांहून अधिक वेगाने मागे येते आणि खांद्याला 15 ज्यूलच्या आसपास ऊर्जा पोहोचवते. थ्री-नॉट-थ्रीचा हिशेब केला, तर गोळी जड पण मंद, रायफल किंचित हलकी, आणि उत्तर पुन्हा तेच, 15-16 ज्यूल! ‘इन्सास’ची 5.56 ची गोळी अवघी 4 ग्रॅमची, म्हणून तिथे आकडा 4 ज्यूलवर येतो. नातवाच्या तक्रारीचे कारण या शेवटच्या आकड्यात आहे. आजोबांच्या मवाळपणाचा खुलासा मात्र आकड्यांत सापडत नाही.

तो यंत्राच्या रचनेत आहे. याच इशापूरच्या कारखान्याने त्याच सुमारास त्याच 7.62 च्या काडतुसासाठी जुन्या थ्री-नॉट-थ्री एनफील्डच्या धर्तीची ‘2ए’ ही बोल्टची रायफलही केली. ती रिकामी असतानाच साडेचार किलोंहून जड, म्हणजे हिशेबाने तिचा धक्का एसएलआरपेक्षा किंचित कमीच भरावा. पण तिच्यात सगळा संवेग एकदम, एकाच ठोक्यात दस्त्यातून खांद्यावर येतो. एसएलआरमध्ये गोळी नळीच्या तोंडाकडे जात असता तिच्यामागचा थोडा वायू वरच्या एका बारीक छिद्रातून दट्ट्यावर जातो. दट्ट्या बोल्टवाहकाला मागे लोटतो. तो वाहक दस्त्यात बसवलेली स्प्रिंग दाबीत मागे जाऊन थांबतो, आणि तेव्हा कुठे धक्क्याचा उरलेला हप्ता खांद्यावर जमा होतो. कोथरूड डेपोच्या बसमध्ये उभ्या प्रवाशाला ड्रायव्हरने करकचून लावलेला ब्रेक आणि दोनदा हळूहळू दाबलेला ब्रेक यांतला भेद सांगावा लागत नाही. बस दोन्ही वेळा थांबतेच.

एसएलआरमध्ये आणखी एक व्यवस्था आहे, आणि मला तीच या यंत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. नळीवर दट्ट्याच्या घरापाशी वायूचे प्रमाण ठरवणारे एक फिरते कडे असते. ते पूर्ण उघडे ठेवले तर बराचसा वायू बाहेर निसटतो आणि रायफल अर्ध्यावर अडते, रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही. मग एकेक खाच आवळीत, एकेक गोळी झाडीत, यंत्र बिनतक्रार चालेल तिथपर्यंत यायचे, आणि वर धूळ-चिखलाची तजवीज म्हणून एक-दोन खाचा अधिक. आळशी शिपाई कडे आवळूनच टाकतो. त्याची रायफल अडत नाही हे खरे, पण वाहक नाहक वेगाने मागे आदळतो, आणि त्या आळसाचा दंड त्याचाच खांदा भरतो.

तेच काडतूस झाडणाऱ्या इतर रायफलींशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक उघड होतो. जर्मनांच्या ‘जी-3’मध्ये, जी पाकिस्तानने वाह येथील कारखान्यात केली, दट्ट्या नाही, वायूचे छिद्र नाही, दोन रुळांनी बोल्टची चाल किंचित थोपवून धरली आहे एवढेच, आणि म्हणून तिचा हिसका अनेकांना तीक्ष्ण वाटतो. अमेरिकनांनी 1957 मध्ये स्वीकारलेल्या ‘एम-14’चा दस्ता जुन्या शिकारी बंदुकीसारखा नळीच्या रेषेच्या खाली उतरतो, त्यामुळे दर गोळीला तोंड वर उसळते. एसएलआरचा दस्ता नळीच्या रेषेला बराच धरून असल्याने ती मागे येते, पण वर फारशी उड्या घेत नाही.

अर्थात, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट न बसवता बोटभर अंतर ठेवणाऱ्या नवशिक्याला यांतले काहीच उपयोगी पडत नाही. ते अंतर ओलांडताना रायफल वेग घेते आणि हाडावर आदळते. शिवाय कानांचाही या न्यायनिवाड्यात हात असतो. भिंतीशेजारी झाडलेली रायफल अधिक मारते असे जे वाटते, ते बहुतांशी आवाजाचे काम.

5.56 ची ‘इन्सास’ही एआरडीईचीच, आणि तिने खांद्याला दिलेला आराम लष्कराने काही वर्षे उपभोगला, पण गोळीच्या प्रहाराविषयी असमाधान राहिले, आणि 2019 साली अमेरिकी सिग कंपनीकडून 7.62 च्या 72,400 रायफलींची खरेदी झाली. पुढे जानेवारी 2024 मध्ये एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीच्या साहाय्याने केलेली ‘उग्रम’ पुण्यात प्रकट झाली: तेच 7.62 चे काडतूस, 20 गोळ्यांचे मॅगझिन, आणि वजन 4 किलोंच्या आत. वजन उतरले की रायफल मागे येण्याचा वेग चढतो, हे संस्थेतल्या शास्त्रज्ञांना दुसऱ्या कुणी सांगायला नको. हिशेबाने ऊर्जा 16 ज्यूलच्या वर जाते. इंग्रजांप्रमाणे आपणही एसएलआरमधून अखंड माऱ्याची सोय मुद्दाम काढून टाकली होती, कारण खांद्यावरून तो मारा आवरत नसे. ‘उग्रम’मध्ये ती सोय परत आली आहे, पण तिचा खटका सरकवण्याची मुभा आपल्या शिपायांना सहजासहजी देणारा हवालदार मला तरी विरळाच वाटतो.