काळ्या पित्ताची कहाणी

वरवर कारण दिसत नसता मनुष्य खिन्न राहतो, कोणाशी बोलत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो. अशा मनःस्थितीस इंग्रजीत ‘मेलँकली’ असा एक जुना शब्द आहे. मराठीत आपण त्याचा अर्थ ‘विषण्णता’ असा करतो. परंतु त्या शब्दाची फोड केली असता त्यात मनाचा कोठेही उल्लेख आढळत नाही. ग्रीक भाषेत ‘मेलास’ म्हणजे काळे आणि ‘खोले’ म्हणजे पित्त. तेव्हा ‘मेलँकली’चा मूळ अर्थ ‘काळे पित्त’ एवढाच होतो.

पित्ताचे नाव मनाच्या अवस्थेस कसे मिळाले? इ. स. पूर्वी पाचव्या-चौथ्या शतकांत ग्रीस देशात हिपॉक्रॅटीस व त्याच्या परंपरेतील वैद्य होऊन गेले. रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे चार रस शरीरात असतात, असे त्यांच्यापैकी काहींचे मत होते. हे रस योग्य प्रमाणात मिसळलेले असले म्हणजे आरोग्य, आणि एखादा वाढला म्हणजे रोग. काळे पित्त वाढले की भय व खिन्नता मनुष्यास ग्रासतात, असे मानीत. इ. स. दुसऱ्या शतकात गेलेन ह्या वैद्याने ह्या उपपत्तीस पद्धतशीर रूप दिले व काळ्या पित्ताचा संबंध प्लीहेशी जोडला.

पुढे गेलेनचे ग्रंथ अरबी भाषेत उतरले. रसांच्या मिश्रणास, आणि त्यावरून मनुष्याच्या प्रकृतीस, अरबीत ‘मिजाज’ म्हणतात. फारसीच्या द्वारे आलेला हाच शब्द मराठीत ‘मिजास’ झाला. आज ‘त्याला भारी मिजास’ असे म्हणताना चार रसांची आठवणही कोणास होत नाही. इंग्रजीत ‘मेलँकली’ हा शब्द फ्रेंचमधून आला. मध्ययुगीन इंग्रजीत राग व चिडखोरपणा ह्या अर्थांनीही तो वापरीत. इ. स. 1621 मध्ये रॉबर्ट बर्टन ह्या ऑक्सफर्ड येथील विद्वानाने ह्या एकाच विषयावर एक प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला.

ह्या उपपत्तीने एक मोठी गोष्ट साधली. खिन्नता हा देवाचा कोप किंवा पिशाचबाधा नसून तिचे कारण शरीरात शोधावे, असे तिने शिकविले. परंतु सांगितलेले कारण चुकीचे होते, आणि त्याची किंमत रोग्यांस मोजावी लागली. दूषित रस बाहेर काढण्यासाठी त्यांच्या शिरा तोडून रक्त वाहू देत व त्यांस तीव्र रेचके देत. आधीच खचलेला मनुष्य त्यामुळे अधिकच क्षीण होई.

यकृतात तयार होणारे पित्त खरे आहे. त्याचा रंग पिवळसर हिरवा असतो. काळे पित्त नावाचा स्वतंत्र रस मात्र शरीरात नाही. इ. स. 1858 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो ह्याने रोगाचे मूळ पेशींमध्ये शोधावे असे प्रतिपादन केले. त्यानंतर चार रसांच्या उपपत्तीस आधुनिक वैद्यकात स्थान उरले नाही.

शब्द मात्र टिकला. त्याचे दोन्ही घटक आजच्या विज्ञानातही आढळतात. त्वचेस सावळेपणा देणाऱ्या ‘मेलॅनिन’मध्ये ‘मेलास’ आहे, आणि पित्ताशयातील खड्यांत प्रथम सापडलेल्या ‘कोलेस्टेरॉल’मध्ये ‘खोले’ आहे.

दीर्घकाळ टिकणारी, झोप व भूक हरपून टाकणारी खिन्नता हा आज एक आजार म्हणून ओळखला जातो. मेंदूतील घडामोडी, आनुवंशिकता व जीवनातील आघात ही सर्व त्याच्या मुळाशी असू शकतात. समुपदेशन व औषधे ह्यांनी पुष्कळ रोग्यांस गुण येतो. अशा मनुष्यास ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून सोडून देणे, म्हणजे काळ्या पित्तावर अजून विश्वास ठेवण्यासारखेच होय.