गाईच्या काळजातले हाड



पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी त्या वेळी नोकरीत नवा होतो. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी एका शेतकऱ्याची संकरित गाय आजारी पडली. दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देणारी गाय एका दिवसात तीन लिटरवर आली. वैरणीला तोंड लावीना, रवंथ करीना, पाठीला बाक काढून एकाच जागी उभी राही. घरच्यांनी अपचन समजून काढा पाजला. शेजारणीने दृष्ट काढली. चार दिवसांनी गाय थोडे थोडे खाऊ लागली, तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. पण तीन आठवड्यांनी गळ्याखालच्या पोळीला सूज आली आणि मानेची शीर दोरीसारखी फुगली. जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावून ऐकले आणि नुसती मान हलविली. दोन दिवसांनी गाय गेली.

विम्यासाठी शवविच्छेदन करावे लागले. मीही तेथे होतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत पू आणि पाणी साठले होते आणि त्यात तीन बोटे लांबीचा तारेचा तुकडा होता. दीड महिन्यापूर्वी गोठ्याचे पत्रे बदलले होते, त्या वेळची ती तार. घरातली बाई हळू आवाजात म्हणाली, “झाडलोट मीच केली होती. तुकडे कडब्याच्या बाजूला लोटले होते.” त्यावर कोणी काही बोलले नाही. त्या घराचा महिना दुधाच्या पगारावर चालत होता.

डॉक्टरांनी मग हृदयाचा वरचा भाग कापून एक लहानसे हाड काढले, धुतले आणि त्या घरातल्या आठवीतल्या मुलाच्या हातावर ठेवले. बोटाच्या दोन पेरांएवढे ते हाड होते. “काळजात हाड असतं?” मुलाने विचारले. खरे सांगायचे तर मीही ते हाड त्या दिवशी प्रथमच पाहिले. तेव्हापासून प्राण्यांच्या हृदयाविषयी जे जे वाचायला मिळेल ते वाचण्याचा मला नाद लागला. त्यातलेच थोडे आज सांगतो. शेवटी आपण पुन्हा त्या गोठ्यात येऊ.

आधी एक खुलासा. खाटकाच्या दुकानात काळीज म्हणून मिळते ते यकृत. येथे काळीज म्हणजे हृदय, अंगभर रक्त फिरविणारा पंप.

मातीतला आठ हृदयांचा गडी

पावसाळ्यात नांगराच्या तासात गांडूळ दिसले तर हातावर घेऊन नीट पाहा. पाठीवरून मधोमध एक काळपट रेघ गेलेली दिसेल. ती त्याची मोठी रक्तवाहिनी. आपल्याकडे महाविद्यालयात फेरेटिमा जातीचे गांडूळ शिकवितात. त्याच्या अंगाच्या पुढच्या भागात हृदयांच्या चार जोड्या असतात, म्हणजे एकूण आठ हृदये. पाठीकडचे रक्त ती पोटाकडच्या वाहिनीत ढकलतात. त्याचे रक्त आपल्यासारखेच लाल असते. फुप्फुस मात्र नाही. ओलसर कातडीतूनच ते श्वास घेते.

स्वयंपाकघरातल्या झुरळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचे हृदय म्हणजे पाठीच्या कडेने गेलेली एक लांब नळी. तिला तेरा कप्पे असतात. झुरळाचे रक्त लाल नसते, कारण प्राणवायू वाहण्याचे काम त्याच्याकडे नाही. हवा अंगाच्या बाजूंवरच्या बारीक छिद्रांतून थेट आत जाते. रेशीम उद्योग करणाऱ्यांनी वाढलेली रेशीम अळी हातावर घेऊन पाहावी. तिच्या पाठीवरची अशीच नळी कातडीखालून लयीत हलताना नुसत्या डोळ्यांनी दिसते.

मासा, बेडूक आणि मगर

शेततळ्यातल्या रोहू-कटला माशांच्या हृदयाला दोनच कप्पे. रक्त हृदयातून कल्ल्यांत जाते, तेथे प्राणवायू घेते आणि तसेच पुढे अंगभर फिरते. बेडकाला तीन कप्पे. तो पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही. त्यामुळे फुप्फुसाबरोबर कातडीनेही तो श्वास घेतो. मगरीला मात्र आपल्यासारखे चार कप्पे असतात. सांगलीच्या आसपास कृष्णाकाठी राहणाऱ्यांना मगरी नव्या नाहीत. मगर पाण्याखाली दम धरून बसते तेव्हा फुप्फुसात नवी हवा येत नाही. मग तिकडे रक्त पाठवून उपयोग काय? तिच्या हृदयात एक अशी झडप आहे की, फुप्फुसाकडे जाणारे रक्त ती कमी करू शकते आणि ते अंगाकडे वळविता येते. चारीला पाणी लागत नसले की आपण दारे धरून पाणी दुसरीकडे वळवितो, त्यातलाच हा प्रकार.

कोकणातल्या वाचकांना माकूळ ठाऊक आहे. माकूळ आणि त्याचा भाऊबंद अष्टपाद यांना प्रत्येकी तीन हृदये असतात. दोन हृदये कल्ल्यांकडे रक्त ढकलतात, तिसरे अंगभर पोचविते. त्यांच्या रक्तात लोहाऐवजी तांब्याचा अंश असतो, म्हणून ते निळसर दिसते. अष्टपाद पोहू लागला की तिसरे हृदय थांबते. त्यामुळे पोहताना तो लवकर थकतो आणि तळावर सरपटत जाणेच अधिक पसंत करतो.

अंड्यातला पहिला ठोका

हृदय सुरू होताना पाहायचे असेल तर खुडूक कोंबडीखाली ठेवलेले अंडे पाहावे. उबविण्यास ठेवल्यापासून दुसऱ्या दिवशीच पिलाचे हृदय धडधडू लागते. त्या वेळी त्याला डोळे, चोच, पाय काहीच धड तयार झालेले नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे विजेरी धरा. कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेघा आणि त्यांच्या मधोमध हलणारा ठिपका दिसेल. मुलांना हे जरूर दाखवावे. रेघा दिसल्या नाहीत तर अंडे वांझ समजावे.

मोठ्या कोंबडीचे हृदय मिनिटाला अडीचशे-तीनशे ठोके देते. माणसाचे सत्तरच्या आसपास, हत्तीचे तीसच्या आसपास. जनावर जितके लहान तितकी त्याच्या अंगातली ऊब लवकर निघून जाते. ती टिकविण्यासाठी त्याला सतत खावे लागते आणि हृदयालाही धाव घ्यावी लागते. आपल्या घरातल्या चिचुंद्रीची एक चिमुकली बहीण आहे. तिचे वजन जेमतेम दोन ग्रॅम असते. तिचे हृदय मिनिटाला दीड हजार ठोक्यांपर्यंत जाते.

दुसऱ्या टोकाला निळा देवमासा. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्याला असा एक देवमासा लागला होता. कॅनडात २०१४ साली मेलेल्या एका निळ्या देवमाशाचे हृदय शास्त्रज्ञांनी काढून जतन केले. ते सुमारे १८० किलोचे भरले. काळीज सुपाएवढे झाले असे आपण म्हणतो, पण हे काळीज अनेक सुपांतही मावायचे नाही. २०१९ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियाच्या समुद्रात एका जिवंत देवमाशाच्या हृदयाची नोंद प्रसिद्ध केली. खोल बुडी मारल्यावर ते मिनिटाला दोनच ठोक्यांपर्यंत उतरत होते. वर येऊन श्वास घेताना पस्तीसच्याही वर जात होते. पाण्याखाली काटकसर आणि वर आल्यावर भरपाई, असा तो हिशेब.

जिराफाची अडचण वेगळी. त्याचे डोके हृदयापासून सुमारे दोन मीटर उंच. विहीर खोल असली की मोटरीचा दाब वाढवावा लागतो, तसेच येथेही आहे. जिराफाचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो आणि हृदयाची डावी भिंत चांगली जाड असते.

फाटलेले भरून काढणारे हृदय

गंगेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत बोटाच्या पेराएवढा एक पट्टेरी मासा राहतो. झेब्रामासा असे त्याचे नाव. २००२ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. या माशाच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापून टाकला, तरी दोन महिन्यांत तो पुन्हा वाढून आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर अभ्यास झाला आहे. माणसाच्या हृदयाला जखम झाली की तेथे नुसता वण राहतो. माशाचे हे कसब माणसाच्या कामी कसे येईल, हे शोधण्याची खटपट चालू आहे.

गाईच्या हृदयाला मात्र हे कसब नाही. म्हणून आता गोठ्यात येऊ.

गोठ्यातले नवल

गाईचे हृदय दोन-अडीच किलोचे असते. मिनिटाला साधारण साठ ते ऐंशी ठोके पडतात. हृदयातून मोठी धमनी जेथे निघते, त्या जागी ते हाड असते. सतत उघडझाप करणाऱ्या झडपांना त्याचा आधार मिळतो. दाराची चौकट पक्की असली की दार लोंबत नाही, तसे.

या हृदयाचे काम किती, ते दुधावरून कळते. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून चारशे ते पाचशे लिटर रक्त फिरावे लागते. म्हणजे दहा लिटर दूध देणाऱ्या गाईच्या कासेतून रोज चार ते पाच हजार लिटर रक्त जाते. दोनशे लिटरची वीस-पंचवीस पिंपे झाली. देवमासा पाहायला समुद्रावर जावे लागते. हे नवल आपल्या दावणीलाच बांधलेले आहे.

आणि ते एका तारेने बंद पडते. असे का होते ते समजून घ्या. शेळी ओठांनी पाला निवडून खाते. गाय-म्हैस जिभेने वैरण ओढते, भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. वैरणीबरोबर खिळा, सुई किंवा तार गेली तरी तिला समजत नाही. लोखंड जड असल्याने ते मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळीदार पोटात जाऊन पडते. हे पोट मिनिटाला साधारण एकदा आवळते. त्याच्या पुढे छातीचा पातळ पडदा आहे आणि पडद्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर हृदय. पोट आवळले की टोकदार वस्तू पुढे सरकते. गाभण गाईत वासराचा भार मागून रेटतो, म्हणून शेवटचे महिने आणि विण्याची वेळ अधिक धोक्याची.

ओळखावे कसे?

दूध एकाएकी उतरणे, खाणे व रवंथ बंद होणे, पाठीला बाक येणे, पुढचे कोपर बाहेर काढून उभे राहणे, उठता-बसताना कण्हणे, उतारावरून चालायला नाखूष असणे, ही सुरुवातीची लक्षणे आहेत. ती दिसताच त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. या वेळी लोहचुंबक व औषधे देऊन किंवा पोट उघडून तार काढून जनावर वाचविता येते. मध्येच चार दिवस बरे वाटले तरी फसू नये. त्या गाईच्या बाबतीत आम्ही तेथेच फसलो. पोळीवर आणि जबड्याखाली सूज आली, मानेची शीर फुगली की सहसा उपाय चालत नाही.

गाय निरोगी असताना तिची नाडी पाहण्याची सवय करावी. शेपटीच्या बुडाकडे, खालच्या बाजूने मधोमध दोन बोटे हलकेच ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. नेहमीचा आकडा माहीत असला की फरक लवकर कळतो आणि डॉक्टरांनाही नीट सांगता येतो.

टाळावे कसे?

गोठ्याचे, कुंपणाचे किंवा घराचे काम झाले की तारेचा प्रत्येक तुकडा हाताने वेचावा. केरसुणीने लोटून भागत नाही. पेंडीच्या पोत्याचे तोंड शिवलेले दाभण खांबातच खोचून ठेवू नये. बैलांना पत्र्या मारल्या की पडलेले खिळे तेथेच मोजून उचलावेत. कडबा तारेने बांधू नये, सुतळीच वापरावी. कुट्टी यंत्राला वैरण लावण्यापूर्वी पेंढी झटकावी, कारण यंत्रातून तारेचे आणखी टोकदार तुकडे होतात. दुभत्या जनावराला डॉक्टरांकडून बोटाएवढे लोहचुंबक पोटात सोडून घ्यावे. ते जाळीदार पोटात राहून लोखंडाचे तुकडे धरून ठेवते. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार मात्र त्याला चिकटत नाही, म्हणून चुंबक सोडले तरी गोठा साफ ठेवावाच लागतो.

मागच्या वर्षी त्या गावी पुन्हा गेलो होतो. तेव्हाचा आठवीतला मुलगा आता घर सांभाळतो. दावणीला चार गाई आहेत. गव्हाणीजवळच्या खांबाला पत्र्याचा एक जुना डबा टांगलेला दिसला. मी आत डोकावलो. गंजके खिळे, तारेचे तुकडे, एक मोडकी सुई. “सापडेल ते यात टाकतो,” तो म्हणाला. “आईनं लावलेली सवय आहे.”

असा एक डबा आपल्याही गोठ्यात आजच टांगावा.