धर्माची साक्ष आणि राजकारणाचा वाद



राजकीय वादात धर्मनीतीचा आधार घ्यावा की नाही, आणि घेतला तर कोणत्या मर्यादेत, हा आजचा विषय आहे. मी शास्त्री नाही, पदवीधरही नाही. कारखान्याच्या फाटकावर केलेली व ऐकलेली भाषणे आणि रात्री दिव्याखाली वाचलेली पुस्तके, एवढेच माझे भांडवल.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्या ‘धर्म’ या शब्दात दोन अर्थ एकाच घरात नांदतात. शेजारधर्म म्हणतो तेव्हा आपण कर्तव्याविषयी बोलतो. शेजारी कोणत्या देवाला भजतो हे तिथे कोणी विचारत नाही. धर्मशाळा, धर्मादाय दवाखाना या शब्दांतही तोच अर्थ आहे. पण ‘आपला धर्म’ म्हटले की पंथ, देव, आचार आणि जमात आली. राजकारणातला चतुर वक्ता पहिल्या अर्थाने बोलू लागतो आणि दुसऱ्या अर्थावर संपवतो. श्रोता कर्तव्याला मान डोलावतो आणि जमातीच्या नावाने हात वर करतो. एकदा ‘हा अधर्म आहे’ असे कोणी म्हटले, की समोरच्याला आधी आपण धर्मबुडवे नाही हे सिद्ध करावे लागते. पाण्याचा, पगाराचा किंवा हक्काचा मूळ मुद्दा तसाच पडून राहतो.

याचे उदाहरण शोधायला नाशिककरांना दूर जायला नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी त्याची धुरा वाहिली. मागणी साधी होती: आम्हालाही रामाच्या दर्शनाला आत येऊ द्या. उत्तर मिळाले ते रूढीचे आणि शास्त्राचे. दरवाजे बंद झाले. त्या वर्षीच्या रथोत्सवात रथ दोघांनी मिळून ओढावा असे ठरले होते, तेही मोडले आणि दगडफेक झाली. सत्याग्रह काही वर्षे चालला, पण दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. २१ वर्षांनी, १९५६ साली, नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

दाराच्या दोन्ही बाजूंना रामाचेच नाव होते, हे लक्षात घ्या. मग फरक कशात? आतल्यांच्या धर्माची किंमत बाहेरचे मोजत होते. आतल्या माणसाला आपल्या शास्त्रापायी काही सोसावे लागत नव्हते. बाहेरच्याला ऊन, दगड आणि तुरुंग सोसावा लागत होता. म्हणून माझी पहिली कसोटी अशी: कोणी धर्माची साक्ष काढली की विचारावे, याचा भार कोणावर पडतो? बोलणाऱ्यावर, की दुसऱ्यावर?

साने गुरुजी या कसोटीला उतरतात. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी उपोषण केले. त्याआधी काही महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांना समजावले होते. दहा दिवसांनी मार्ग मोकळा झाला. उपोषण हेही दडपणच, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. पण ते दडपण त्यांनी स्वतःच्या देहावर घेतले होते.

दुसरी कसोटी मला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडून मिळाली. ‘दीनबंधू’चे हे संपादक मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यात आठवड्याला एक दिवस सुटी ही मुख्य मागणी होती. ‘रविवार हा खंडोबाचा वार’ हेही कारण त्यांनी मांडले. १० जून १८९० रोजी सुटी मंजूर झाली. म्हणजे लोखंड्यांनी धर्माचा आधार घेतला, हे उघड आहे. पण खंडोबाचे नाव काढून घेतले तरी मागणी उभी राहत होती: उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या शरीराला विसावा हवा. त्यामुळे ती सुटी खंडोबाच्या भक्ताला मिळाली तशीच मुसलमान विणकरालाही मिळाली. देवाचे नाव वगळल्यावरही मुद्दा टिकतो का, ही दुसरी कसोटी.

या कसोट्या दुसऱ्यांना लावणे सोपे असते. मी स्वतः त्यांत नापास झालो आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्यात आम्ही संप पुकारला. फूट पडू नये म्हणून आदल्या रात्री मी सर्वांना बेलभंडार उचलायला लावला. चार मुसलमान कामगार बाजूला उभे राहिले. एकी तिथेच उसवली होती, पण माझ्या ध्यानात आले नाही. तिसऱ्या आठवड्यात एकाची मुलगी आजारी पडली. हाती पैसा नव्हता. तो कामावर गेला. त्याला कोणी मारले नाही, पण त्याच्या घरचे पाणी कोणी पिईना. पुढे त्याची बायको मला म्हणाली, “भाऊ, पगारवाढ तुम्हाला हवी होती, मग खंडोबाचा कोप आमच्या लेकराच्या माथी का मारलात?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. पगारवाढीची मागणी न्याय्यच होती. महागाईचे आकडे होते, कंपनीच्या नफ्याचे आकडे होते; ते सांगून लोकांना पटवण्याचे कष्ट मी वाचवले आणि देवाला पहाऱ्यावर बसवले.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, याच्या १२३व्या कलमानुसार धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार आहे. मुंबईतल्या सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० सालच्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी निकाल दिला. चौघांच्या मते उमेदवाराचा धर्मच काय, मतदाराच्या धर्माचे आवाहनही निषिद्ध. तिघांचे मत वेगळे पडले: धर्माच्या वा जातीच्या नावाने ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांनी त्या अन्यायाविषयी मतदारांशी बोलूच नये काय? निकाल बहुमताचा, तो पाळला पाहिजे. पण तिघांच्या प्रश्नात मला काळारामाच्या दाराबाहेर बसलेली माणसे दिसतात. कायद्याची रेघ कुठेतरी ओढावीच लागते; तिच्या अलीकडचे काम आपल्या विवेकाचे आहे.

कोणी म्हणेल, धर्म वगळला तर राजकारणात नीती उरेल कुठून? मी धर्म वगळा म्हणत नाही. बहुतेकांना बरेवाईट कळले ते आईच्या ओवीतून, कीर्तनातून, नाहीतर मशिदीतल्या, विहारातल्या उपदेशातून. ते घेऊनच माणूस सभेत येणार. पण सभेत आल्यावर त्याने इतरांसारखे प्रश्नांना उत्तर दिले पाहिजे. ‘देवाची आज्ञा’ हे श्रद्धावानाला पुरेसे असेल. शेजाऱ्याला कारण सांगावे लागते. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

सभा संपल्यावर पंचवटीतून घरी जाल, तेव्हा काळारामाच्या दारावरून जा. आज ते सर्वांना उघडे आहे. ते बंद ठेवणाऱ्यांनीही धर्माचेच नाव घेतले होते, एवढे त्या दाराशी आठवा.