मालाच्या सायकलीला टायर कोणता? आधी रिम पाहा, मग रुंदी, आणि रोज हवा

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते. आज रस्ते मोटारसायकली आणि स्कूटरनी भरले आहेत. तरीही पहाटे कॅम्प, भवानी पेठ, नाना पेठेतून पाव-खारीच्या पेट्या सायकलवरच निघतात. अंडीवाले, चहाचे थर्मास घेऊन फिरणारे, चाकू-कात्रीला धार लावणारे आणि दुकानाचा किरकोळ माल पोहोचवणारे आमचे अनेक बांधव आजही दोन चाकांवर संसार ओढतात. पहाटे पंक्चर झाले की सकाळचे गिऱ्हाईक गेले, आणि पाव तर दुपारी कोणी घेत नाही. म्हणूनच टायरचा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

हल्ली दुकानांत "रुंद टायर टाका, पंक्चरची कटकट मिटेल" असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे न समजता पैसे टाकले तर टायर चिमट्याला घासतो, ब्रेक लागत नाही आणि खर्च अंगावर येतो. म्हणून या वेळी आम्ही या विषयाची थोडी फोड करून सांगत आहोत.

रुंद टायर नेमके काय करतो?

सन १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे सायकलसाठी हवेचा टायर तयार केला. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही. वजन पेलते ती टायरमधील हवा. रबर आणि त्यातील दोऱ्यांचे कापड ही हवा कोंडून ठेवण्याचे काम करतात. आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलीचा टायर सुमारे ४० मिलिमीटर रुंद असतो. ५० मिलिमीटरच्या टायरमध्ये जवळजवळ दीडपट हवा मावते. त्यामुळे खड्ड्याचा दणका रिमपर्यंत पोहोचण्याआधी हवेत जिरतो, तारा कमी तुटतात, चाक लवकर आऊट होत नाही, आणि अंड्यांचे ट्रेही शाबूत राहतात.

रुंद टायर जड चालतो, हा समजही पूर्ण खरा नाही. दोन्ही टायरमध्ये सारखाच दाब असेल तर खडबडीत रस्त्यावर रुंद टायर बहुधा हलकाच चालतो. जड चालतो तो कमी हवेचा टायर. मात्र १०० मिलिमीटरच्या आसपास रुंदी असलेले, मुलांना आवडणारे 'फॅट' टायर वाळू आणि बर्फासाठी आहेत. शहरातल्या डांबरी रस्त्यावर त्यांचे वजन आणि ओढ दोन्ही मेहनत वाढवतात. धंद्याच्या सायकलीला ते घेऊ नयेत.

पंक्चर कोणते, ते ओळखा

ट्यूब बाहेर काढल्यावर भोक नीट पाहावे. एकच बारीक भोक असेल तर तो खिळा, काच किंवा काटा. तो रुंद टायरलाही सोडत नाही. तिथे जाड, न झिजलेला टायरच उपयोगी पडतो. पण शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चेमटली, असे समजावे. कारण एकच: वजनाच्या मानाने हवा कमी किंवा टायर अरुंद. अशा पंक्चरवर रुंद टायर खरोखर इलाज आहे.

आकडा वाचायला शिका

फसवणूक होते ती इथे. "अठ्ठावीसचा टायर द्या" एवढे सांगून चालत नाही. टायरच्या बाजूला दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. काळ्या सायकलीचा २८ × १½ म्हणजे ६३५. नव्या गिअरच्या सायकलींवर ६२२ असतो, आणि त्यातल्या काही टायरांवरही २८ हाच आकडा छापलेला असतो! २६ × १⅜ म्हणजे ५९०, तर २६ × १.९५ किंवा २.१२५ या रुंद टायरचा आकडा ५५९. दोन्ही 'सव्वीस', पण एकाच्या रिमवर दुसरा बसत नाही. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. बदलता येते ती फक्त रुंदी, आणि तीही मर्यादेतच. टायरची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीच्या साधारण दीडपट ते अडीचपट असावी.

शिवाय चिमटा, मडगार्ड आणि मागचा सांगाडा यांपासून टायर प्रत्येक बाजूला किमान पाच-सहा मिलिमीटर मोकळा फिरला पाहिजे. पावसाळ्यात चिखल बसतो, चाक थोडे आऊट होते. जागा नसेल तर टायर घासून फाटतो.

काळ्या सायकलवाल्यांनी काय करावे?

६३५ च्या मापात मिळणारे टायर बहुतेक ४० मिलिमीटरचेच असतात. त्याहून रुंद हवा असेल तर ५५९ ची चाके बसवावी लागतात. लहान चाक मजबूत असते आणि माल घेऊन सायकल सुरू करायलाही हलके जाते. पण ब्रेकचे रबर सुमारे ३८ मिलिमीटर खाली आणावे लागते. सळईचे ब्रेक तिथे पोहोचत नाहीत. पायडलही जवळजवळ पावणेतीन सेंटिमीटर खाली येते आणि गतिरोधकावर टेकू शकते. ब्रेकचा बंदोबस्त केल्याशिवाय हा बदल करू नये. डेन्मार्कच्या 'लाँग जॉन' या मालाच्या सायकलीला पुढचे चाक लहान आणि माल दोन चाकांच्या मध्ये खाली असतो. त्यांनी सांगाडाच त्यासाठी बनवला. आपण नुसती चाके बदलून तसे होत नाही.

हवेचा साधा हिशेब

समजा सायकल २० किलो, चालवणारा ६५ किलो, मागच्या कॅरिअरवर ४० किलो. एकूण १२५ किलो झाले आणि त्यातले ८० किलोहून अधिक मागच्या चाकावर येते. म्हणून दोन्ही चाकांत सारखी हवा भरणे ही चूक आहे. मागे जास्त, पुढे कमी ठेवावी.

मोजमापाशिवायही अंदाज घेता येतो. माल नसताना जमिनीपासून रिमपर्यंतची उंची पट्टीने मोजा. मग माल लादून, स्वतः बसून, सोबत्याला पुन्हा मोजायला सांगा. ४० मिलिमीटरच्या टायरचा फरक सहा मिलिमीटरच्या आसपास असावा, ५० च्या टायरचा सात-आठ. त्याहून जास्त दबत असेल तर हवा वाढवा. पण टायरवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका. त्या मर्यादेपर्यंत हवा भरूनही टायर जास्त दबत असेल तर दोनच मार्ग आहेत: रुंद टायर घ्या, नाहीतर माल कमी करा. रुंद टायर घ्यावा की नाही, याचे उत्तर ही पट्टी देते, दुकानदार नव्हे.

रुंद टायरमध्ये अरुंद टायरइतका दाब भरू नये. रुंदी वाढली की टायरच्या कापडावरचा ताणही वाढतो. पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरने हवा भरताना जपावे. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा थोडीच मावते, काही सेकंदांत ती फुटते.

खर्च आधी कुठे करावा?

दोन टायरचे पैसे नसतील तर नवा, चांगला टायर मागे टाकावा, कारण भार तिथेच असतो. पुढचा मात्र गुळगुळीत ठेवू नये. ओल्या रस्त्यावर पुढचे चाक घसरले की माणूस पडतोच. बाजूचे कापड दिसू लागले, कड उसवली किंवा टायर फुगला तर पंक्चरचे तुकडे लावत बसू नये, टायर बदलावा. जुनी, ताणलेली ट्यूब नव्या रुंद टायरमध्ये घालू नये. तुटलेल्या तारा बदलून, चाकाचा आऊट काढूनच टायर चढवावा.

पुणे महापालिकेने २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. मार्ग चांगले व्हावेत ही मागणी आपण करीत राहिलीच पाहिजे. पण उद्या पहाटे आपली सायकल खड्डे, पेव्हिंग ब्लॉक आणि गतिरोधकांवरूनच जाणार आहे. पंपाला दोन मिनिटे आणि पट्टीला पाच मिनिटे द्या. ज्या चाकावर घरची चूल पेटते, त्याचा एवढा तरी हक्क आहे.