मात्रा जाणणे : प्रसेनजित राजाचा आहारनियम आणि आपला वर्षावास

धम्म हा चित्तशुद्धीचा मार्ग आहे, शरीराशी त्याचा संबंध नाही, असा समज उपासकवर्गात कोठे कोठे आढळतो. तो बरोबर नाही. 'भोजने मत्तञ्ञुता', म्हणजे भोजनाची मात्रा जाणणे, हा तथागतांच्या शिकवणुकीचा एक भाग आहे. ही मात्रा अंगवळणी कशी पडते, हे संयुक्तनिकायातील दोणपाक सुत्तावरून स्पष्ट होते.

कोसलनरेश प्रसेनजित एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा तो जेवणानंतर धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही, उपवासही सांगितला नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याचे क्लेश कमी होतात व वार्धक्य सावकाश येते, या आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून प्रत्येक भोजनसमयी म्हणावयास सांगितले आणि त्यासाठी रोजचे शंभर कार्षापण ठरविले. अट्ठकथेनुसार शेवटच्या घासाच्या वेळी गाथा म्हटली जाई, राजा तो घास ठेवून देई आणि तेवढे तांदूळ दुसऱ्या खेपेस कमी शिजविले जात. असे होता होता राजा नाळीभर भातावर स्थिरावला व त्याचे शरीर हलके झाले.

हा बदल टिकला, याची कारणे आम्हांस तीन दिसतात. घट अल्प व क्रमाक्रमाने होती. आठवण देणारा एक सोबती होता. आणि नियम रोजच्या ताटाशी जोडलेला होता, क्षणिक उत्साहाशी नव्हे.

आहाराला जोड श्रमाची. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची क्षमता, प्रयत्नाची क्षमता, अल्प आजार, अन्नाचे पचन आणि चिरकाल टिकणारी समाधी. आपल्या काळात विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच जेवणे व ४५ मिनिटे चालणे हा नियम महाराष्ट्रभर पोहोचविला. तो सर्वांना मानवेलच असे नाही. परंतु साधा, मोजता येणारा नियम लोक पाळू शकतात, हे त्यावरून दिसले.

मात्र मात्रा जाणणे म्हणजे कमी खाणे नव्हे. देहदंडाचा मार्ग तथागतांनी स्वतः अनुभवून त्यागला. १ जुलै १९९८ रोजी निर्माण झालेला आपला वाशीम जिल्हा २०१८ साली देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या योजनेत आरोग्य व पोषण हा एक प्रमुख विषय आहे. सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या भगिनीच्या ताटात डाळ, भाजी, अंडे वाढणे ही तिची मात्रा. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या नोकरदाराची मात्रा वेगळी. पूज्य बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. तोच आजार आज आपल्या घरांत शिरला असता आपण स्वस्थ बसावे काय?

यासाठी वर्षावासासारखी चौकट दुसरी नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. तेथील वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे भिक्खुसंघाच्या निवासासाठी दान दिले. आषाढी ते आश्विन पौर्णिमा हे तीन महिने आपण विहारात ग्रंथवाचनासाठी जमतोच. वाचनापूर्वी अर्धा तास सर्वांनी मिळून चालावे. आठवड्यातून पाच दिवस असे झाले की जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली किमान १५० मिनिटे पूर्ण होतात. ज्यांना वजन उतरविणे आवश्यक आहे त्यांनी दर आठवड्यास ताटातील थोडा भात वा पोळीचा एक तुकडा कमी करावा. घरातील एकाने सुदर्शन व्हावे. प्रत्येक पौर्णिमेस वजन व कंबरेचे माप वहीत लिहावे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात बदल करू नये. लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता यांचा आहार मुळीच घटवू नये.

आश्विन पौर्णिमेनंतर सोयाबीनची सोंगणी, मळणी, दिवाळी यांची धांदल असते. नियम तुटण्याचा काळ तोच. तेव्हा विहारातील सोबत सुटू देऊ नये. प्रसेनजिताला आठवण विकत घ्यावी लागली. आपल्याला ती एकमेकांकडून विनामूल्य मिळू शकते.