उन्हात काळा होणारा चष्मा

मधल्या सुट्टीत जरा नीट बघा. तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, जिच्या चष्म्याच्या काचा वर्गात अगदी स्वच्छ असतात, पण मैदानावर एक-दोन मिनिटं पळापळी झाली की त्याच काचा करड्या होतात! घंटा झाली, सगळे आत आले, की हळूहळू पुन्हा पहिल्यासारख्या. ना बटण, ना बॅटरी.

या काचांना फोटोक्रोमिक म्हणतात. घरात कुणाचा असा चष्मा असेल तर विचारून घ्या आणि एक गंमत करा. काळ्या जाड कागदाची छोटीशी चांदणी कापा. ओल्या बोटाने ती काचेवर चिकटवा आणि चष्मा उन्हात ठेवा. पाचेक मिनिटांनी सावलीत आणून कागद काढा. गडद काचेवर लख्ख चांदणी उमटलेली दिसेल! पण चटकन बघा हं, कारण सावलीत आल्यावर बाकीची काचही उजळायला लागते आणि चांदणी विरून जाते.

ही चांदणी काढली कुणी? उन्हातल्या अशा किरणांनी, जे आपल्याला दिसतच नाहीत. इंद्रधनुष्यातल्या जांभळ्या रंगाच्याही पलीकडे असतात ते अतिनील किरण. काचेत अगदी चिमुकले रेणू पसरलेले असतात. एरवी ते मिटलेले असतात आणि उजेड त्यांच्यातून सरळ आरपार जातो. अतिनील किरण पडला की रेणूतला एक बंध सुटतो आणि मिटलेली छत्री उघडावी तसा तो रेणू उघडतो. उघडलेला रेणू उजेड शोषून घेतो, म्हणून काच काळी दिसते. आणि रेणू पुन्हा मिटतो कशाने? उबेने! म्हणूनच मे महिन्यात चंद्रपूरच्या रणरणत्या उन्हात हा चष्मा जेवढा काळा होतो, त्याहून जास्त तो हिमालयातल्या थंडगार उन्हात होतो. भर उन्हाळ्यात रेणू उघडतात आणि उष्णतेमुळे भराभर मिटतातही.

हे झालं आजच्या प्लॅस्टिकच्या काचांचं. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टुकी या शास्त्रज्ञांनी अशी पहिली काच बनवली, ती खरोखरच्या काचेची होती आणि तिच्यात चांदीचे क्षार होते. जुन्या कॅमेऱ्यांच्या फिल्ममध्येही उजेडाने काळे पडणारे चांदीचेच क्षार असत. फिल्मवर पडलेला काळेपणा मात्र कायमचा. काचेत मात्र क्षारातल्या चांदीपासून सुटलेला क्लोरीन आतच अडकून राहतो, म्हणून अंधार झाला की दोघे पुन्हा एकत्र येतात आणि काच स्वच्छ होते. मला तर ही युक्ती फारच आवडते!

आता एक कोडं. हाच चष्मा घालून बाबा भर दुपारी गाडी चालवताहेत, पण काचा काही नीट काळ्या होत नाहीत. का बरं? कारण गाडीची पुढची काच अतिनील किरण आधीच अडवते. ऊन डोळ्यांवर येतंय, पण चष्म्याला त्याचा पत्ताच नाही.

आणि इथेच एक महत्त्वाची गोष्ट कळते. काच काळी असणं वेगळं आणि तिने अतिनील किरण अडवणं वेगळं! मुलांच्या चष्म्यांना बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटच्या काचा बसवतात. त्या दिसायला पारदर्शक, पण अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतात. उलट जत्रेतला स्वस्तातला काळाकुट्ट गॉगल! त्याच्या आड अंधार असतो म्हणून डोळ्यातली बाहुली मोठी होते. गॉगल अतिनील किरण अडवणारा नसेल, तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून ते आणखीच आत शिरतात. तुमच्या वयात हे फार जपायला हवं. मोठ्या माणसांच्या डोळ्यांतलं भिंग यातले बरेच किरण वाटेतच शोषतं, पण लहान मुलांचं भिंग नितळ असल्यामुळे त्यांतले जास्त किरण थेट मागच्या पडद्यापर्यंत पोचतात.

शिवाय ऊन फक्त वरून येत नाही. ताजं बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतं, समुद्रकाठची कोरडी वाळू साधारण १५ टक्के आणि लाटांचा फेस २५ टक्के. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर रुंद काठाची टोपी घातलीत तर वरचं ऊन अडेल, पण वाळूवरून उसळून येणाऱ्या उजेडाला चष्माच थोपवणार. तेव्हा टोपी हवी आणि चष्माही हवा. सहलीला जाताना नंबरचा चष्मा पिशवीत टाकून साधा गॉगल घालू नका, नाहीतर समोरचा समुद्रच धूसर दिसेल! नंबरचा गॉगल बनवून मिळतो, चष्म्यावर अडकवायची काळी काचही मिळते. मात्र यांतलं काहीही घालून सूर्याकडे थेट बघायचं नाही, ग्रहणातसुद्धा नाही. एवढं तेज अडवणं या काचांच्या आवाक्यातलं नाही.

पुढच्या वेळी चष्म्याच्या दुकानात गेलात की विचारा, "काका, ही काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे अतिनील किरण अडवते का?" बऱ्याच दुकानांत ते तपासायचं छोटंसं यंत्र असतं. काच त्यात धरायला सांगा आणि तुमच्या डोळ्यांदेखत तपासून घ्या.